सोडतीतून सभा : आपल्या गावात किंवा शहरात नागरिक सभा भरवायची असेल तर

ग्रामसभेला कधी बसलेल्या माणसाला हे चित्र वेगळं सांगायला नको. विषयपत्रिका लांबलचक, सतरंजीवर साठ-सत्तर जण, आणि बोलणारे दरवेळचे तेच सात-आठ. बायका मागच्या बाजूला, वस्तीवरची माणसं दाराशी उभी, तरुण मोबाइलमध्ये. ठराव वाचला जातो, कुणीतरी 'मंजूर' म्हणतं, सह्यांचं रजिस्टर फिरतं. शहरात तर एवढंही नाही. तिथे ज्याची ओळख त्याचं गाऱ्हाणं नगरसेवकाच्या कार्यालयात पोचतं. कायद्यानं बोलायचा हक्क सगळ्यांना आहे, पण न बोलणारेच जास्त आहेत, आणि घेतलेल्या निर्णयांचा भार बहुतेक वेळा त्यांच्यावरच पडतो.

या न बोलणाऱ्यांना खोलीत आणायचं, त्यांना माहिती द्यायची आणि त्यांचं म्हणणं सत्तेपुढे लेखी ठेवायचं, यासाठीची पद्धत म्हणजे नागरिक सभा. एक ठरावीक प्रश्न घ्यायचा. सोडतीनं तीस ते दीडशे नागरिक निवडायचे. त्यांनी काही दिवस अभ्यास आणि चर्चा करून शिफारशी लिहायच्या आणि संबंधित संस्थेनं त्यांवर लेखी उत्तर द्यायचं. यातलं काही गाळलं तर उरते ती आणखी एक बैठक. महाराष्ट्रात अशा सभेला अजून कायद्याचा आधार नाही. म्हणून ज्याला ती हवी आहे त्याला आधी तिचा प्रचार करावा लागतो, मग ती भरवावी लागते. दोन्ही कामं पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे.

आधी आयर्लंडचं उदाहरण नीट समजून घ्या

प्रचाराला निघाल्यावर पहिला प्रश्न येतो, 'असं कुठे झालंय का?' उत्तर तयार हवं. उदाहरणं बरीच आहेत, पण एकच पक्कं माहीत असलेलं बरं, आणि ते आयर्लंडचं असावं.

२००८ च्या आर्थिक कोसळीनंतर तिथे बँकांवरचा आणि पुढाऱ्यांवरचा विश्वास उडाला होता. राज्यशास्त्राच्या काही प्राध्यापकांनी २०११ च्या जूनमध्ये, सरकारची वाट न बघता, यादृच्छिक पद्धतीनं निवडलेल्या शंभर नागरिकांना डब्लिनमध्ये शनिवार-रविवार बसवलं. चर्चेआधी आणि चर्चेनंतर त्यांची मतं तपासली आणि निष्कर्ष पुढाऱ्यांपुढे ठेवले. सामान्य माणसांना अवघड विषय समजतो, ती मत बदलू शकतात, एवढं त्यातून दाखवता आलं. पुढच्याच वर्षी सरकारनं घटनाविषयक परिषद नेमली. तीत ६६ नागरिक, ३३ राजकीय प्रतिनिधी आणि एक अध्यक्ष होते. समलिंगी विवाहाला मान्यता द्यावी ही तिची शिफारस २२ मे २०१५ च्या सार्वमतात ६२ टक्क्यांनी मंजूर झाली.

त्यानंतरची सभा आणखी कठीण प्रश्नावर बसली. आयर्लंडच्या राज्यघटनेत १९८३ पासून गर्भपाताला जवळजवळ पूर्ण बंदी होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये गॉलवेच्या रुग्णालयात आपल्या शेजारच्या बेळगावच्या सविता हलप्पनवार यांचा जंतुसंसर्गानं मृत्यू झाला. गर्भपाताची त्यांची विनंती त्याआधी नाकारली गेली होती. देश ढवळून निघाला, पण हा विषय हातात धरायला कुठलाच पक्ष धजत नव्हता. २०१६ च्या अखेरीस ९९ नागरिक आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश मेरी लॅफॉय यांची सभा या प्रश्नावर बसली. पाच शनिवार-रविवार डॉक्टर, वकील, नीतिशास्त्रज्ञ, दोन्ही बाजूंच्या संघटना आणि स्वतः त्यातून गेलेल्या बायका यांचं ऐकून घेतल्यावर सभेनं गुप्त मतदान केलं, आणि बंदी उठवण्याच्या बाजूनं स्पष्ट बहुमत झालं. २५ मे २०१८ च्या सार्वमतात जनतेनं ६६.४ टक्क्यांनी तोच कौल दिला.

याच देशातली अपयशंही सांगा, नाहीतर तुम्ही विक्रेते वाटाल. राष्ट्राध्यक्षपदाची वयोमर्यादा पस्तीसवरून एकवीसवर आणायचा प्रस्ताव त्याच २२ मेच्या मतदानात दणकून पडला. मार्च २०२४ मध्ये कुटुंब आणि घरातली शुश्रूषा या विषयांवरच्या दोन घटनादुरुस्त्या लोकांनी फेटाळल्या. त्यांचं मूळ नागरिक सभेच्या शिफारशींत होतं, पण मतपत्रिकेवरचं कलम सभेनं सुचवलेलं नव्हतं, सरकारनं आपल्या शब्दांत लिहिलेलं होतं.

सोडतीची कल्पना परकी आहे, असा आक्षेप कुणी घेतला तर त्याला उत्तिरमेरूरला पाठवा. कांचीपुरमजवळच्या या गावात पहिल्या परांतक चोळाच्या काळातले, दहाव्या शतकाच्या सुरुवातीचे शिलालेख आहेत. गावच्या समित्यांसाठी पात्र लोकांची नावं ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर लिहून घड्यात टाकायची आणि लहान मुलाकडून एक काढून घ्यायची, अशी रीत त्यात तपशिलानं कोरलेली आहे. मात्र पात्र म्हणजे जमीनदार, वेदविद्या जाणणारे पुरुष. तेव्हा अभिमानानं मान फार ताठ करू नये. आपल्याकडे आजही प्रभागांचं आरक्षण चिठ्ठ्या काढून ठरतं आणि त्या काढायला शाळेतली मुलं बोलावतात. म्हाडाची घरं सोडतीनं मिळतात, आरटीईचे प्रवेश सोडतीनं होतात. सोडतीवर मराठी माणसाचा विश्वास आधीच आहे. प्रचारात हा मुद्दा सगळ्यात जास्त चालतो.

पायरी १ : प्रश्न शोधा

पुढचं सगळं एका उदाहरणाच्या आधारानं सांगतो. समजा साठ हजार वस्तीचं नगरपरिषदेचं गाव आहे आणि उन्हाळ्यात नळाला चार दिवसांआड पाणी येतं.

'शहराचा पाणीप्रश्न कसा सोडवावा?' हा नागरिक सभेचा प्रश्न होत नाही. तो एवढा मोठा आहे की उत्तरात धरण बांधण्यापासून झाडं लावण्यापर्यंत काहीही येईल. 'पाणी मीटरनं देणं योग्य आहे ना?' हाही होत नाही, कारण विचारणाऱ्याचं उत्तर त्यात दिसतं. 'नवी योजना पूर्ण होईपर्यंत उपलब्ध पाणी शहरात कसं वाटावं आणि त्याचे पैसे कोणी किती द्यावेत?' हा चांगला प्रश्न. यात मर्यादा स्पष्ट आहेत, एकाला दिलं की दुसऱ्याचं कमी होतं, आणि निर्णय नगरपरिषदेच्या हातात आहे. तिसरी अट लोक हमखास विसरतात. ज्या संस्थेकडे शिफारशी जायच्या, तिला ती गोष्ट करायचा अधिकारच नसेल तर चाळीस माणसांचे चार दिवस फुकट जातात.

काही वेळा ही पद्धत वापरूच नये. टेंडर निघून गेलं असेल आणि फक्त लोकांची संमती दाखवायची असेल, तर नाही म्हणा. आणि एखादी वस्ती हटवावी का, एखाद्या समाजाला अमुक जागा वापरू द्यावी का, असे थोड्यांचे हक्क बहुतांच्या मतावर टांगणारे प्रश्न तर घेऊच नका.

पायरी २ : उत्तराची हमी लेखी घ्या

सभा भरवण्याआधीचं हे सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि सगळ्यात कंटाळवाणंही. फ्रान्समध्ये २०१९-२० ला दीडशे नागरिकांची हवामान परिषद झाली. तिचे प्रस्ताव आपण गाळणी न लावता पुढे नेऊ, असं राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ यांनी सांगितलं होतं. नागरिकांनी १४९ प्रस्ताव दिले. मग काही वगळले गेले, काही पातळ झाले. शेवटी परिषदेच्या सदस्यांनी सरकारच्या प्रतिसादाला गुण दिले तेव्हा सरासरी आली दहापैकी ३.३. आश्वासन भव्य होतं, पण त्याला तारीख आणि नमुना नव्हता.

आयर्लंडच्या २०१२ च्या परिषदेच्या वेळी सरकारनं साधं बंधन घालून घेतलं होतं. प्रत्येक अहवालावर चार महिन्यांत उत्तर द्यायचं. बेल्जियममधल्या जर्मन भाषकांच्या प्रांतानं त्याही पुढे जाऊन २०१९ मध्ये कायद्यानं कायमची नागरिक परिषद उभी केली. सोडतीनं आलेले चोवीस जण विषय ठरवतात, त्यावर वेगळी नागरिक सभा बसते, आणि एखादी शिफारस नाकारायची तर तिथल्या संसदेला कारण द्यावं लागतं. त्या प्रांताची लोकसंख्या पाऊण लाखाच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या नगरपरिषदेएवढी. 'हे मोठ्या देशांचे लाड आहेत' म्हणणाऱ्याला हा आकडा ऐकवा.

तुम्हाला नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेचा ठराव हवा. मसुदा तुम्हीच लिहून न्या. साधारण असा : 'नागरिक सभेच्या प्रत्येक शिफारशीवर नगरपरिषद अहवाल मिळाल्यापासून नव्वद दिवसांत स्वीकृत, अंशतः स्वीकृत किंवा अस्वीकृत असे सकारण लेखी उत्तर देईल व ते सर्वसाधारण सभेत वाचून दाखवील.' शिफारशी मान्यच करू, असं कबूल करून घेण्याच्या मागे लागू नका. तसं वचन कुणी दिलं तरी ते टिकत नाही.

नगरसेवकांशी कसं बोलावं? 'लोकशाही सशक्त करायची आहे' म्हणालात तर चहा मिळेल, ठराव मिळणार नाही. त्यांची अडचण ओळखा. पाणीपट्टी वाढवल्याशिवाय गळक्या जलवाहिन्या बदलता येत नाहीत हे सगळ्यांना कळतं, पण निवडणुकीच्या तोंडावर ते बोलायचं कोणी? सोडतीनं आलेल्या चाळीस जणांनी, हिशेब बघून, 'अमुक इतकी वाढवा, पण सार्वजनिक नळावरच्यांना सूट द्या' असं सांगितलं, तर नगरसेवकाच्या खांद्यावरचं ओझं हलकं होतं. हेच सांगा. 'मग आम्हाला कशाला निवडून दिलंय?' असं ते विचारतीलच. निर्णय तुमचाच आहे, सभा फक्त सल्ला देते, हे त्यांना शांतपणे आणि पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. मुख्याधिकारी आणि नगराध्यक्ष यांना भेटाल त्याच आठवड्यात विरोधी गटनेत्यालाही भेटा. आठ दिवस उशीर झाला की तो 'त्यांचा कार्यक्रम' होतो आणि मग कितीही समजावलं तरी उपयोग नाही.

ठराव मिळतच नसेल तर डब्लिनच्या प्राध्यापकांचा मार्ग आहे. स्वतः एक छोटी सभा करून दाखवायची, दोन रविवारांची, वीस-पंचवीस जणांची. एखादं महाविद्यालय किंवा वाचनालय जागा देतं. मात्र निमंत्रणातच स्पष्ट लिहा की हा नमुना आहे आणि याला सरकारी उत्तराची हमी नाही. लोकांना हे आधी कळायला हवं.

पायरी ३ : तारखा आणि पैसे

पेरणी, सुगी, लगीनसराई, दहावी-बारावीच्या परीक्षा टाळा. ऊसतोडीला माणसं जाणाऱ्या भागात दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत सभा घेतली तर अर्धी वस्ती गायब असते. आचारसंहिता कधी लागू शकते त्याचा अंदाज घ्या, नाहीतर ठराव होऊनही सगळं अडकेल. एका प्रश्नाला किमान चार पूर्ण दिवस लागतात. ते सलग न घेता पंधरा दिवसांच्या अंतरानं घ्या. मधल्या काळात माणसं घरी, पारावर, कट्ट्यावर बोलतात आणि नवे प्रश्न घेऊन येतात.

पैशांत सगळ्यात आधी सदस्यांचा भत्ता धरा. फ्रान्सच्या परिषदेत न्यायालयात ज्युरी म्हणून बसणाऱ्यांइतका भत्ता दिला होता. आपल्याकडे निदान बुडालेली रोजंदारी भरून निघाली पाहिजे. दिवसाला ६०० रुपये धरले तर चाळीस जणांचे चार दिवसांचे ९६ हजार होतात. 'समाजकार्याला पैसे कशाला?' असं म्हणणारा नेहमी पगारी किंवा पेन्शनर असतो. भत्ता काढला की धुणीभांडी करणारी, हमाल, शेतमजूर सगळे गळतात आणि सभा निवृत्तांची होते. याशिवाय जेवण, लहान मुलं सांभाळायची सोय, छपाई, माइक, आणि अंथरुणाला खिळलेलं माणूस घरी असेल त्याच्यासाठी बदली मदतनीस. बांधकाम व्यावसायिकाचा किंवा टँकरवाल्याचा पैसा घेऊ नका, कितीही गोड बोलून देऊ केला तरी.

पायरी ४ : सोडत

इथे घाई केली की सगळं फसतं, म्हणून जरा तपशिलात जातो.

सोडत दोन टप्प्यांत होते. पहिल्यात निमंत्रणं जातात. आपल्या उदाहरणातल्या गावात मतदार समजा ४२ हजार आहेत आणि हजार पत्रं पाठवायची आहेत. म्हणजे यादीतलं दर बेचाळिसावं नाव. सुरुवात कितव्या नावापासून करायची ते १ ते ४२ अंकांच्या चिठ्ठ्यांतून एक काढून ठरवा. हजार पत्रं कशाला? ब्रिटनमध्ये २०२० च्या हवामान सभेसाठी तीस हजार घरांना पत्रं गेली, १,७४८ जणांनी तयारी दाखवली आणि त्यांतून ११० निवडले गेले. शंभरात सहाच्याही आत. आपल्याकडे टपालानं पाठवलेलं पत्र बहुधा उघडलंही जाणार नाही. म्हणून पत्र हातात द्या, आशाताई किंवा अंगणवाडीताई बरोबर असेल तर उत्तम, आणि 'यात काही विकायचं नाही, कुठल्या पक्षाचं नाही, भत्ता आहे' हे पहिल्या तीन वाक्यांत सांगा.

मतदार यादीत सगळे नसतात. बांधकामावरचे मजूर, वीटभट्टीवरची कुटुंबं, भाड्यानं राहणारे कारखान्यातले कामगार यांची नावं गावाकडे असतात, पाणी मात्र ते इथलं पितात. त्यासाठी हजारपैकी शे-दीडशे पत्रं घरं मोजून द्या. अशा वस्तीत दर दहावं घर घ्यायचं आणि घरातल्या ज्या प्रौढाचा वाढदिवस सगळ्यात जवळ आला असेल त्याच्या नावानं निमंत्रण द्यायचं. वाढदिवस माहीत नसतील तर घरातल्या प्रौढांच्या नावांच्या चिठ्ठ्या तिथेच टाका. कर्त्या पुरुषालाच निमंत्रण जाण्याची सवय अशानं मोडते.

निमंत्रणासोबत एक छोटा अर्ज द्या. वय, लिंग, प्रभाग, शिक्षण, घरात नळ आहे की सार्वजनिक नळावर अवलंबून, आणि द्यायचा असल्यास जातप्रवर्ग. ही माहिती निवडीसाठीच वापरली जाईल आणि नंतर नष्ट केली जाईल, असं लिहून द्या आणि खरोखर नष्ट करा.

दुसऱ्या टप्प्यात, तयार असलेल्यांतून चाळीस जण असे काढायचे की गावाचं प्रमाण त्यांच्यात उतरेल. चारच्या वर निकष लावू नका, हिशेब हाताबाहेर जातो. समजा वीस स्त्रिया, वीस पुरुष. वयाचे तीन गट. प्रभाग लोकसंख्येप्रमाणे. आणि सार्वजनिक नळावरची कुटुंबं गावात जेवढ्या वाट्याची तेवढीच सभेत. चिठ्ठी काढा. त्या व्यक्तीच्या सगळ्या रकान्यांत जागा शिल्लक असेल तर ती आली. एखादा रकाना भरला असेल तर चिठ्ठी बाजूला ठेवा आणि पुढची काढा. आठ-दहा जण राखीव काढून ठेवा, कारण गळती होतेच. प्रमाणासाठी २०११ च्या जनगणनेचे आकडे जुने झाले असले तरी वापरावे लागतात. नव्या वसाहतींचा अंदाज नगरपरिषदेच्या मालमत्ता कराच्या नोंदींवरून घ्या.

हे सगळं उघड्यावर करा. काचेचं भांडं, शाळेतली मुलगी, सगळ्या पक्षांचे लोक, पत्रकार, मोबाइलवरून थेट प्रक्षेपण. चिठ्ठीवर नाव न लिहिता क्रमांक लिहा, म्हणजे कोण आलं हे गावभर व्हायच्या आधी त्या माणसाला स्वतःला कळेल.

आणि मोह आवरा. रकाना भरत नाही, सभा चार दिवसांवर आली आहे, आणि तुमच्या ओळखीत अगदी योग्य अशी एक ताई आहे. तिला घेऊ नका. आयर्लंडमध्ये २०१८ च्या सुरुवातीला असंच उघड झालं. सदस्य शोधायचं काम ज्यांच्याकडे होतं त्यांच्यातल्या एका कर्मचाऱ्यानं सात जण ओळखीपाळखीतून भरले होते. सातही जणांना वगळावं लागलं, आणि सभेच्या विरोधकांना आयतं कोलीत मिळालं.

आपल्याकडचा खास धोका वेगळा आहे. निमंत्रण सुनेच्या नावानं आणि हजर सासरे. सरपंचबाईंऐवजी खुर्चीत बसणारे पती आपण पाहिले आहेत. ज्याची चिठ्ठी त्यानंच यायचं, बदली चालणार नाही, हा नियम पत्रावर ठळक छापा. त्याच वेळी त्या सुनेला येणं शक्य व्हावं म्हणून घरी जाऊन बोला, येण्याजाण्याची गाडी द्या, सोबत एखादी बाई येऊन बाहेर बसणार असेल तर बसू द्या.

पायरी ५ : माहिती कोण देणार

'अडाणी माणसं काय ठरवणार?' हा आक्षेप सुशिक्षितांच्या तोंडून हमखास येतो. २००१ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या मेदक जिल्ह्यात 'प्रजातीर्पू' नावाची नागरिक ज्युरी बसली होती. एकोणीस जण, बहुतेक छोट्या शेतकरी बाया, बऱ्याचशा दलित-आदिवासी. राज्य सरकारच्या 'व्हिजन २०२०' मधला शेतीचा आराखडा त्यांच्यापुढे होता. त्यांनी साक्षीदारांना प्रश्न विचारून यांत्रिकीकरण, कंत्राटी शेती आणि जनुकीय बियाणं यांबद्दलच्या आपल्या हरकती स्पष्ट मांडल्या. त्या प्रक्रियेच्या निःपक्षपातीपणावर टीकाही झाली. म्हणूनच साक्षीदार कोण हे एकट्या आयोजकानं ठरवू नये. एक छोटी देखरेख समिती करा आणि तिच्यात एकमेकांशी न पटणारी माणसं घ्या. पाणीपट्टी वाढवा म्हणणारा आणि नको म्हणणारा, दोघांना मान्य असेल तीच माहिती-पुस्तिका छापा.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं हा भाग फार आधीपासून चांगला सांभाळला आहे. तिथे अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात बाहेरचे जाणकार येऊन माहिती देतात, वाद घालतात, पण निर्णय गावाचा, आणि तोही सर्वसहमतीनं. जाणकारानं निर्णयाच्या वेळी खोलीत नसणं, ही सवय आपणही घ्यावी.

पाणीपुरवठा अभियंत्याला आधीच सांगा की 'एमएलडी' (रोजचे दशलक्ष लिटर) म्हणायचं नाही, किती घरांना किती हंडे ते सांगायचं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बसमध्ये घालून जलशुद्धीकरण केंद्र, टाकी आणि जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाची वस्ती दाखवा. टोकावरच्या बाईला साक्षीदार म्हणून माइक द्या. अभियंत्याइतकाच वेळ तिलाही.

पायरी ६ : बोलतं करणं

आठ जणांचं एक टेबल, त्याला एक सुलभक, म्हणजे चर्चा चालवणारा, आणि एक टिपणं घेणारा. चाळीस जणांना पाच टेबलं. सुलभक म्हणून मास्तर नकोत, त्यांना शिकवल्याशिवाय राहवत नाही. समाजकार्य महाविद्यालयाचे विद्यार्थी किंवा बचत गटांच्या प्रशिक्षक ताई चांगल्या ठरतात. सुलभक गावचा नसेल तर आणखी बरं. त्याला कुणाची भावकी माहीत नसते.

काही साधे नियम. टेबलावर सगळ्यात आधी 'सर' किंवा 'अण्णा' बोलणार नाहीत. प्रत्येकाची एक फेरी पूर्ण झाल्याशिवाय कुणी दुसऱ्यांदा बोलणार नाही. लिहून काढा असं सांगू नका, सगळ्यांना लिहिता येत नाही आणि ते कबूल करायची वेळ कुणावर आणू नये. आधी शेजारच्याशी दोघं-दोघं बोला, मग टेबलावर. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यायची तरतूद आहे. त्याच धर्तीवर पहिल्या दिवशी एक सत्र बायकांच्या वेगळ्या टेबलांवर ठेवा. एकदा आवाज फुटला की मिश्र टेबलावर तो टिकतो. जेवणाची पंगत एकच आणि जागा चिठ्ठीनं. कोण कुणाशेजारी बसतं हा आपल्याकडे क्षुल्लक मुद्दा नाही.

साक्षी आणि सर्वसाधारण सत्रं थेट दाखवा. टेबलावरची चर्चा मात्र दाखवू नका. आयर्लंडमध्येही तसंच होतं. मत बदलायला माणसाला कॅमेऱ्याआड थोडी जागा लागते, आणि छोट्या गावात तर फारच.

पायरी ७ : शिफारशी

शेवटच्या दिवशी टेबलांवरून आलेली वाक्यं भिंतीवर लावा, सारखी एकत्र करा, आणि सदस्यांच्याच भाषेत लिहा. अधिकाऱ्याची मराठी त्यात शिरू देऊ नका. प्रत्येक शिफारशीवर गुप्त मतदान घ्या, वाचता न येणाऱ्यांसाठी रंगीत चिठ्ठ्या ठेवा. तीन-चतुर्थांश मतं मिळाली तर शिफारस, त्याखाली असेल तर 'चर्चा झाली, एकमत नाही' अशी नोंद. वेगळं मत असणाऱ्यांचं टिपण अहवालात जसंच्या तसं छापा. दहा पानांच्या वर अहवाल जाऊ नये.

अहवाल सदस्यांनीच मांडायचा, तुम्ही मागे बसायचं. आणि तो गावात पोचवा. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २००४ मध्ये १६० नागरिकांच्या सभेनं वर्षभर राबून नवी निवडणूक पद्धत सुचवली. पुढच्या वर्षीच्या सार्वमतात तिला ५७.७ टक्के मतं पडली, पण अट ६० टक्क्यांची होती. खोलीत बसलेल्यांना जे महिनोन् महिने शिकायला मिळालं ते बाहेरच्यांपर्यंत पोचवायला कुणी पुरेसा वेळ आणि पैसा ठेवला नव्हता. तेव्हा स्थानिक वृत्तपत्र, केबल, गणेश मंडळांचे फलक, आठवडे बाजारात भोंगा, जे असेल ते वापरा.

पायरी ८ : नव्वद दिवसांनंतर

अहवाल दिल्याच्या दिवशीच सदस्यांची पुढची बैठक ठरवून टाका, नव्वद दिवसांनंतरच्या पहिल्या रविवारी. एक तक्ता करा. डावीकडे शिफारस, मग नगरपरिषदेचं उत्तर, मग जबाबदार अधिकाऱ्याचं पद, मग मुदत. उत्तर आलं नसेल तर आधी ठरावाची प्रत जोडून मुख्याधिकाऱ्यांना पत्र द्या, त्याची पोच घ्या. तरीही शांतता असेल तर माहिती अधिकारात दोन गोष्टी मागा : या ठरावावर झालेल्या कार्यवाहीची टिपणी, आणि ज्या सर्वसाधारण सभेत उत्तर वाचायचं होतं तिचं इतिवृत्त. अर्जावर चार-पाच सदस्यांनी वेगवेगळ्या सह्या करण्यापेक्षा एकानंच करावी, पाठपुरावा सोपा जातो.

नाकारलेल्या शिफारशींची कारणंही त्याच तक्त्यात लिहा आणि तक्ता पाण्याच्या टाकीजवळ, नगरपरिषदेच्या फलकावर आणि सार्वजनिक नळांपाशी लावा. पुढच्या उन्हाळ्याआधी, फेब्रुवारीत, सदस्यांना पुन्हा एकदा बसमध्ये घालून जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला न्या आणि तक्त्यातलं काय झालं, काय नाही, ते तिथल्या बायकांना विचारून भरा.